चाल ओळखणारी जमीन

सुनेबद्दल आईसाहेबांच्या तक्रारी पुष्कळ होत्या, पण त्या सगळ्या जुन्या, वापरून वापरून मऊ पडलेल्या. दार इतकं हळू लावते की कधी आली, कधी गेली कळत नाही. फोनवर बोलताना स्वतःशीच हसते. उत्तर द्यायच्या आधी भिंतीकडे बघत बसते. ही तक्रार मात्र कोरी करकरीत होती. सून बोलताना तोंडाकडे बघत नसे. पायांकडे बघे.

एकदा झालं असतं तर आईसाहेबांनी सोडून दिलं असतं. पण सुट्टीच्या दिवशी मुलगा आणि सून भेटायला आले की दरवेळी तेच. "आई, बऱ्या आहात ना?" असं विचारायचं आणि नजर खाली. आईसाहेब पाणी आणायला उठल्या की सुनेची नजर त्यांच्या टाचांबरोबर स्वयंपाकघरात जाई आणि टाचांबरोबरच परत येई.

"काय गं, माझ्या पायांना तोंड फुटलंय का?" शेवटी आईसाहेबांनी विचारलंच. "नाही, तू त्यांच्याशीच बोलतेस म्हणून म्हटलं."

सून कानापर्यंत लाल झाली. मुलगा मात्र खो खो हसला.

आईसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. समोर सगळे आईच म्हणत. पाठ वळली की आईसाहेब. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. शाळेची पायरी त्या लहानपणी चढल्या आणि चढल्या तशाच उतरल्या, पण पुढे शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय मारून त्यांनी ही दोन खोल्यांची जागा घेतली होती. जिन्याने वर चढून यावं लागे, दुपारभर ऊन असे, खिडकीपाशी मशीन असे. नवरा गेल्यावर मुलाने "आमच्याकडे चल" म्हटलं तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं.

"अगं आई, तिचं कामच आहे ते," मुलगा हसू आवरत म्हणाला. "तिच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत माणसाची चाल ओळखणारी जमीन तयार करताहेत. नुसती पावलं पडली की कोण चाललंय ते सांगते. चाल बिघडली असेल, पडायची भीती असेल, तर तेही सांगते. हिला आता रस्त्यातसुद्धा माणसं दिसत नाहीत, पायच दिसतात."

"जमीन सांगते? उभा जन्म तिच्यावर चालले, कधी हूं की चूं केलं नाही तिने."

बोलता बोलता आईसाहेबांनी हात हलवला, बाही वर सरकली, आणि मुलाचं हसू जागच्या जागी विझलं. कोपरावर निळा-जांभळा डाग होता.

"हे काय?"

"दार लागलं."

"कोपराच्या मागच्या बाजूला?"

"दार काय विचारून लागतं?"

मग जे व्हायचं तेच झालं. मुलगा म्हणाला, तू पडलीस. आईसाहेब म्हणाल्या, पडतात ती लहान पोरं. मुलगा म्हणाला, आता एकटीने राहणं पुरे. आईसाहेब म्हणाल्या, घर माझं, पाय माझे, तुला कशाला कळ येते? आवाज इतके चढले की शेजारच्यांनी आपला रेडिओ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. शेवटी मुलगा दमून म्हणाला, "तुझंही नको आणि माझंही नको. तिच्या प्रयोगशाळेत एक दिवस चालून दाखव. जमीन म्हणाली चाल ठीक आहे, तर तू इथे, आणि मी पुन्हा तोंड उघडणार नाही. जमीन म्हणाली नाही, तर तू आमच्याकडे, आणि तू तोंड उघडायचं नाहीस."

सुनेने काहीतरी बोलायला ओठ उघडले आणि भिंतीकडे बघत मिटले.

"ठरलं," आईसाहेब म्हणाल्या. सगळा जन्म गिऱ्हाइकांना, घरमालकांना आणि जावांना पुरून उरलेली बाई. जमिनीला गुंडाळणं ते काय अवघड होतं?

* * *

प्रयोगशाळेची इमारत बाहेरून आरशासारखी होती. आत शिरायचं म्हणजे आपल्याच अंगावर चालून गेल्यासारखं वाटे. आत गेल्यावर मात्र सगळं हलकं, फिकट, अर्धवट झोपेत दिसावं तसं. माणसं मऊ बुटांनी येत-जात होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

सुनेची वरिष्ठ बाई दारापर्यंत सामोरी आली. तिला तिथे सगळे मोठ्या बाई म्हणत. केस आखूड, चष्मा डोक्यावर. "या-आ आजी," ती एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "प्र-वा-सा-त त्रास नाही ना झाला?"

"नाही झाला. आणि मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

सुनेने खाली मान घातली. ती हसत होती की शरमली होती, ते आईसाहेबांना दिसलं नाही.

मोठ्या बाईंनी मोठ्या हौसेने एकेक खोली दाखवली. एका खोलीच्या भिंती आवाज खात होत्या. आत पाऊल ठेवलं आणि जग कापसात गुंडाळल्यासारखं झालं. आईसाहेबांना आपल्याच छातीतली धडधड ऐकू आली, मग कानातली सूं सूं, मग काहीच नाही. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "माझी धाकटी जाऊ आहे. तिला इथे आणून ठेवायला किती घ्याल?"

दुसऱ्या खोलीत हवेतून पाणी काढणारी पेटी होती. नळ नाही, पाइप नाही. पेटी नुसती उभी होती आणि तिच्या चोचीतून थेंब येत होता, थांबत होता, विचार करून पुन्हा येत होता. पेलाभर साठलं ते त्यांना प्यायला दिलं. थंड होतं, स्वच्छ होतं. पण कुठल्या विहिरीचं नाही, कुठल्या नदीचं नाही, असं पाणी आईसाहेब कधी प्यायल्या नव्हत्या. खोलीतल्या सगळ्यांचे श्वासच आपण गिळले की काय, असं त्यांना वाटून गेलं.

तिसऱ्या खोलीत एक कापड होतं, हातात घेतलं की आपोआप गरम होणारं. धाग्यांतच वीज साठवलेली. आईसाहेबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. शिवण शोधली, बोटांनी चाचपली, उजेडाला धरलं. शिवण नव्हतीच, अख्खा अंगरखा एकसंध विणून निघाला होता. आईसाहेब मनातून चरकल्या. "बरा आहे," म्हणाल्या आणि घडी घालून ठेवून दिला, पण त्याची ऊब पुढच्या दालनापर्यंत तळहातात राहिली.

मग ते दालन आलं. केवढं मोठं, आणि त्याच्या मधोमध एक घर.

खरंखुरं घर. बाहेरची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर, मधे चिंचोळी वाट. कपाट, पलंग, खुर्च्या, ओट्यावर किटलीसुद्धा. फक्त वर छप्पर नव्हतं. वर आभाळ होतं. दिव्यांचं केलेलं, पण कडा न दिसणारं, आणि ते हळूहळू बदलत होतं. खिडकीबाहेर काही नव्हतं, नुसती दुधी काच; तरी जमिनीवर पानांची सावली हलत होती. झाड नव्हतं, पण झाडाची सावली होती.

"इथला दिवस आम्ही लहान केलाय," मोठ्या बाई म्हणाल्या. आता त्या नीट बोलत होत्या. "सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळं पटापट होतं. बाहेर एक दिवस जातो तोवर आत आठ-दहा होऊन जातात. माणूस सकाळी वेगळा चालतो, थकल्यावर वेगळा. जमिनीला दोन्ही कळायला हवं."

"आणि ही कुठे असणार?" आईसाहेबांनी हनुवटीने सून दाखवली.

"मी त्या काचेमागे, आई. तुम्ही आधी थोडं चालायचं, म्हणजे जमीन तुम्हाला शिकेल. मग तुम्ही आपल्या घरी असल्यासारख्या राहा. शेवटी ती काय ते सांगेल, आणि ते आपोआप त्याच्या फोनवर जाईल."

'त्याच्या' म्हणजे मुलाच्या. आईसाहेबांनी शाल नीट केली.

* * *

त्या दिवशी त्या घरात आईसाहेब जशा चालल्या तशा त्या लग्नानंतर कधी चालल्या नसतील. पाठ ताठ, हनुवटी वर, पाऊल उचलून आणि मोजून टाकलेलं. डाव्या गुडघ्यात कळ उठत होती, तिला त्यांनी दातांखाली धरलं. कित्येक वर्षं पायटा मारून तो पाय झिजला होता आणि आता घरी तो मागून ओढत यायचा. पण इथे नाही. इथे तो सरळ, उजव्याच्या मागोमाग, नोकरासारखा मुकाट चालला.

बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून परत. बऱ्याच फेऱ्या झाल्यावर कुठूनसा एक बाईचा आवाज आला. मऊ, शेजारीण भिंतीपलीकडून बोलावी तसा.

"आई. ओळख पटली."

"बघा, किती लवकर शिकली!" काचेमागून मोठ्या बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. "आजी, तुमची चाल तर तरण्याताठ्यांना लाजवेल अशी आहे."

"असते एकेकाची," आईसाहेब म्हणाल्या. सून पडद्यावर काहीतरी दाबत होती.

पहिली दुपार आली आणि वितळली. भिंती ऊन खाल्ल्यासारख्या कोमट झाल्या. आईसाहेब पलंगावर टेकल्या की रात्र व्हायची. उठून बसल्या की पुन्हा पहाट, फिकी गुलाबी, तोंड न धुतलेली. असे दिवस त्यांनी फक्त तापात पाहिले होते. चहा केला तेव्हा सकाळ होती आणि पिऊन होईतो सावल्या लांबल्या होत्या. खऱ्या जगात आत्ता किती वाजले असतील, हे त्यांना सांगता येईना, आणि मग सांगावंसंही वाटेनासं झालं. उठलं की पाठ ताठ, हनुवटी वर. आवाज म्हणे, "आई," आणि गप्प होई.

मोठ्या बाई जेवायला गेल्या. सुनेलाही कुणीतरी हाक मारली. "आलेच हं, आई," म्हणून तीही काचेमागून उठली. आत पुन्हा संध्याकाळ होऊ लागली होती.

कशी संध्याकाळ म्हणावी! आभाळाच्या कडेला जरासा जांभळट रंग, मधे राख, आणि खोलीच्या कोपऱ्यांत अंधार नव्हे, अंधाराची चाहूल. पानांची सावली फिकी होत होत पुसली गेली. आईसाहेब खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना वाटलं, आपल्या घरीसुद्धा या वेळेला मशीनवर असाच उजेड येतो. सुईत दोरा ओवायचा तर आत्ताच, नाहीतर मग दिवा लावावा लागेल. मग त्यांना वाटलं, चला, दिवा लावू. आणि त्या उठल्या. कुठल्या घरात आहोत याचा विसर पडून उठल्या.

टिंग, असा बारीक घंटानाद झाला.

"घरात अनोळखी व्यक्ती आहे," तो मऊ आवाज म्हणाला.

आईसाहेबांनी मागे वळून पाहिलं. "कोण आहे?"

आईसाहेब घाबरून ओरडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या भिंत धरून थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि किटली उचलली. अजून कढत होती.

"अनोळखी व्यक्ती स्वयंपाकघरात आहे."

"इथे? इथे तर मी आहे." त्यांनी कपाटाआड पाहिलं, दारामागे पाहिलं. "ए, बाहेर ये! कढत पाणी आहे हातात, चेहरा ओळखू यायचा नाही कुणाला!"

त्या किटली पुढे धरून चिंचोळ्या वाटेत आल्या.

"अनोळखी व्यक्ती मधल्या वाटेत आहे."

"मेली माझ्यापुढेच पळतेय की काय!" त्या झोपायच्या खोलीत घुसल्या. आवाज म्हणाला, झोपायच्या खोलीत. त्या तशाच बाहेरच्या खोलीत आल्या. आवाज म्हणाला, बाहेरच्या खोलीत. त्या थांबल्या, कान देऊन. आवाजही थांबला. एक पाऊल टाकलं.

"अनोळखी व्यक्ती खिडकीजवळ आहे."

खिडकीजवळ आईसाहेब होत्या. हातात किटली, खांद्यावरून घसरलेली शाल, बोटं भिंतीला टेकलेली. दुधी काचेत त्यांची काळसर आकृती दिसत होती, एका बाजूला कललेली. डाव्या पायातली चप्पल अर्धी सुटून मागे राहिली होती.

त्यांनी काचेतल्या त्या आकृतीकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी डावा पाय हळूच ओढला.

"अनोळखी व्यक्ती," आवाजाने सुरुवात केली.

आईसाहेबांनी पाठ ताठ केली, हनुवटी वर केली, आणि दाणदाण दोन पावलं टाकली.

"आई. ओळख पटली."

पाठ सोडली, पाय ओढला. अनोळखी. पाठ ताठ. आई. अनोळखी. आई. लहान मुलाने दिव्याचं बटण खालीवर करावं तसं त्यांनी काही वेळ केलं. एकदा हसूही आलं. मग गुडघ्यातली कळ कमरेपर्यंत चढली आणि हसू विरलं.

त्यांनी किटली खाली ठेवली, खुर्चीत बसल्या आणि समोरची रिकामी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"ये बाई, बस," त्या म्हणाल्या. "उगाच वणवण करायला लावली तुला."

अर्धवट उजेडात ती खुर्ची रिकामी वाटत नव्हती.

"कधीपासून आहेस गं?" आईसाहेबांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. गेले कित्येक महिने घरात कुणाची तरी चप्पल घासत चालल्याचा आवाज येई. वरच्या मजल्यावरची म्हातारी असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. एकदा तिच्या मुलीला टोमणाही मारला होता, आईला नीट चालायला शिकव म्हणून. ती दुसरी कुणी नव्हतीच. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवरून जी उठून बसली आणि नळाला धरून कितीतरी वेळ कण्हत राहिली, तीच ही. आईसाहेबांनी तिला घरात घेतलं होतं, पण कुणाला दाखवलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"दमलीस ना?" त्या अगदी हळू म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी हा प्रश्न नवऱ्याला विचारला होता, मुलाला विचारला होता, हाताखाली दिवसभर काजं-बटणं करणाऱ्या मुलींनासुद्धा विचारला होता. "मीही दमले गं."

आभाळातल्या राखेत पहिली चांदणी लागली.

* * *

सून धावत आली ती दारातच थबकली. "आई! लागलं नाही ना? फोनवर निरोप आला, घरात कुणीतरी…"

"मला लागलं का विचारतेस, की तिला?"

"कुणाला?"

"तुझ्या जमिनीला दिसली तिला."

सुनेने खाली ठेवलेली किटली पाहिली, पुढे ओढलेली खुर्ची पाहिली, मागे राहिलेली चप्पल पाहिली. मग ती खुर्चीत न बसता खाली जमिनीवरच बसली, पाय पोटाशी घेऊन. तिला असं बसलेलं आईसाहेबांनी कधी पाहिलं नव्हतं.

"जमिनीची चूक नाही, आई. माझी आहे."

"तुझी कशी? मी फसवलं तिला. झकास फसवलं."

"तुम्ही चालत होतात तेव्हा पडद्यावर ती मला सारखं विचारत होती, ही आईच का? आणि मी 'हो' दाबत होते. प्रत्येक फेरीला."

"तुला काय कळणार, मी नाटक करतेय म्हणून."

"न कळायला काय झालं?" सून पहिल्यांदाच जरा तावातावाने बोलली. "तुमची चाल मी डोळे मिटून ओळखेन. डावा पाय आधी विचार करतो आणि मग उठतो. वळताना तुम्ही भिंतीला एक बोट लावता, एकच, कुणाला दिसू नये असं. आणि दारात कुणी उभं असलं की श्वास धरून झपकन पुढे जाता. सकाळी चालली ती कुणी वेगळीच बाई होती. बक्षीस घ्यायला निघाल्यासारखी. तरी मी हो म्हटलं."

आईसाहेब तिच्याकडे रोखून बघत राहिल्या. "का?"

सून भिंतीकडे बघू लागली.

"भिंत काय सांगणार आहे? इकडे बघ. म्हातारी घरी येऊन बसेल म्हणून भ्यालीस, होय ना?"

सुनेने भिंतीवरून नजर काढली. वर चांदण्या वाढत होत्या.

"थोडीशी," ती म्हणाली.

आईसाहेबांच्या भुवया वर गेल्या.

"पण तेवढंच नाही, आई. तुम्हाला त्या घरातून कुणी काढायचंच असलं तर माणसाने काढावं. त्याने काढावं, मी काढावं, समोर उभं राहून, तुमच्या शिव्या खाऊन. मी केलेल्या यंत्राने तुमचं घर घेतलं असतं, तर मला पुन्हा इथे कामाला येताच आलं नसतं." तिने डोळे पुसले. मग आवाज खाली आणून घाईघाईने म्हणाली, "अजून काही बिघडलेलं नाही. मोठ्या बाई जेवून यायच्या आहेत. आत्ताचं सगळं मी पुसून टाकते, सकाळचं तेवढं ठेवते. जमीन सांगेल, चाल उत्तम. त्याला तसा निरोप जाईल. तुम्ही आपल्या घरी."

आपल्या घरी. आईसाहेबांना आपली खोली दिसली, मशीन दिसलं, त्यावरचं दुपारचं ऊन दिसलं. जिना चढून गेलं की दाराचं कुलूप उघडताना येणारा तो आवाज ऐकू आला. एक शब्द म्हटला की ते सगळं त्यांचंच राहणार होतं. मग त्यांना तिथे चालणारी बाई दिसली. पाठ ताठ, हनुवटी वर, न्हाणीघराच्या दारापर्यंत मिरवत जाणारी. एकटीच्या घरात, बघायला चिटपाखरू नसताना. आणि तिच्या मागे, भिंतीला बोट लावून, ती दुसरी. जिला दमलीस का म्हणून आत्ता कुठे विचारलं होतं.

"पूस," त्या म्हणाल्या.

सून उठू लागली.

"सकाळचं पूस. आताचं राहू दे."

"आई, अहो, मग ती खरं सांगेल. आणि ते थेट त्याला जाईल. मला थांबवता यायचं नाही."

"ते ऐकलं मी. जा काचेमागे. आणि ती विचारेल तेव्हा डोळे उघडे ठेवून सांग."

आईसाहेबांनी सुटलेली चप्पल पायात घातली नाही. दुसरीही काढून ठेवली. वरचं आभाळ उजळायला लागलं होतं. चांदण्या एकेक करून दुधात विरघळत होत्या. त्या अनवाणी निघाल्या. डाव्या पायाने आधी विचार केला, मग तो उठला. भिंतीला त्यांनी एक बोट नाही, अख्खा पंजा लावला. भिंत नुकत्याच उठलेल्या माणसासारखी उबदार होती. बाहेरच्या खोलीतून मधल्या वाटेत, मधल्या वाटेतून स्वयंपाकघरात. ओट्याशी थांबून दम खाल्ला. कुणापासून न लपवता असा दम खाणं किती गोड लागतं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या खोल्यांमधून त्या जणू पाण्यातून चालल्या होत्या, आणि पाणी त्यांना धरून होतं.

"अनोळखी व्यक्ती," आवाज म्हणाला. काचेमागे सुनेने काहीतरी दाबलं. पुढच्या फेरीला आवाज अडखळला, विचारात पडल्यासारखा. त्याच्या पुढच्या फेरीला पानांची सावली पुन्हा जमिनीवर उमटली, आईसाहेबांच्या उघड्या पावलांवरून हलू लागली, आणि आवाज म्हणाला, "आई."

एवढंच. ओळख पटली वगैरे काही नाही. घरच्या कुणी म्हणावं तसं.

मोठ्या बाई जेवून परतल्या होत्या. "अरे वा, आणखी एक दिवस उजाडला का?" असं म्हणत त्या पडद्याशी आल्या आणि त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. पडद्यावर एक हिरवा गोल फिरत होता. सून धावत घरात आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ती ठरवतेय, आई. गोल थांबला की सांगेल."

"अजून फिरतोय ना?"

"हो, थोडा वेळ."

"मग ये इकडे, हात दे. असा नाही, घट्ट." आईसाहेबांनी तिच्या मनगटाला धरून खुर्चीत बसकण मारली आणि तो हात सोडला नाही. "आता ऐक. तो गोल थांबायच्या आत मी बोलणार आहे, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की जमिनीने म्हातारीला हलवलं. मी पडले. न्हाणीघरात. दारबीर काही लागलं नव्हतं. हे मुलाला मी सांगणार, तू मधे तोंड घालायचं नाहीस. घर माझं मी घेतलं होतं, माझं मी सोडतेय. मशीन माझ्याबरोबर येईल आणि तुमच्या चांगल्या खिडकीपाशी राहील. तिथली ती तुझी शोभेची झाडं उचल. ही बोलकी जमीन तुमच्या घरात घालायची नाही. मी पडले तर धप्पकन आवाज होईल, तो तुम्हाला ऐकू येईल. आणि तुझं म्हणशील तर, तू लबाड आहेस, आणि लबाडीसुद्धा तुला धड जमत नाही. पण मी विचारलं तेव्हा 'थोडीशी' म्हणालीस. माझ्या तोंडावर एवढं खरं आजवर कुणी बोललेलं नाही, माझ्या पोटच्या पोरानेसुद्धा नाही. तेव्हा मी राहीन तुझ्याकडे. भीती मात्र सगळी सोडू नकोस हं. थोडीशी ठेव. नाहीतर मला तिथे करमायचं नाही."